पुडीवर उतारा

वैद्य पद्माकर टेंभे यांच्या संधिवाताच्या पुडीत स्टेरॉइड आहे हे नंदिता बिरनाळेला कळलं, तेव्हा ती मिरज बसस्थानकासमोरच्या रसवंतीत बसली होती. ती शहरातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची, पण असल्या गोष्टी कळायला आता प्रयोगशाळा लागत नव्हती. पुडी टेबलावर उलगडलेली होती आणि इरफान नदाफने तिच्यावर मोबाइल धरला होता. इरफान तिचा जुना विद्यार्थी. दोघं मिळून ‘पुडीत काय?’ नावाचं पान चालवत, आणि ही पुडी त्यांना एका वाचकाने पाठवली होती.

“सुंठ, गुग्गुळ, रास्ना, शंखभस्म,” इरफान पडद्यावरची नावं वाचत गेला. “आणि हा एक पाहुणा. प्रेडनिसोलोन.”

नंदिताने तीच पुडी आपल्या मोबाइलवर तपासली. मग रसवंतीवाल्याचा मोबाइल मागून घेतला आणि त्याच्यावरही तपासली. तिन्हींचं उत्तर एकच आलं.

मोबाइलच्या पाठीवर कॅमेऱ्याशेजारी बसवलेल्या या भिंगाला लोक ‘पारख’ म्हणत. कंपन्यांनी ते आणलं होतं दुधातला युरिया आणि फळांवरची फवारणी ओळखण्यासाठी. त्यामागचं तत्त्व जुनंच, रामन परिणामाचं. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला की त्यातला अगदी थोडा अंश रंग किंचित बदलून परततो. हा बदल किती, ते रेणूच्या रचनेवर ठरतं, त्यामुळे प्रत्येक रेणूची रेघांची एक नक्षी असते आणि ती दुसऱ्या कुणाची नसते. वनस्पतींच्या चूर्णात अडचण अशी होती की प्रकाश पडताच ती चूर्णं स्वतःच चमकू लागतात आणि त्या चमकेत नक्षी बुडून जाते. पारखने ही अडचण वेळ साधून सोडवली. नक्षी घेऊन येणारा प्रकाश आधी पोचतो, चमक मागून येते. दोन्हींतलं अंतर सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असतं. भिंगाची खिडकी तेवढ्यापुरतीच उघडते आणि चमक यायच्या आत मिटते.

पूर्वी पर्यायी औषधांवरचे वाद मतांचे असत. एकजण अनुभव सांगे, दुसरा पुरावा मागे, आणि दोघंही आपापल्या घरी जसेच्या तसे परतत. पारख आल्यापासून वाद उरला नव्हता. ज्याला शंका होती त्याने मोबाइल धरायचा. ‘पुडीत काय?’चे काही लाख वाचक याच कामाला लागले होते. हजारो ठिकाणांहून तपासण्या येत, पानावरच्या नकाशावर लाल ठिपके उमटत. तपासणी कुणाची हे मात्र पानालाही कळत नसे. लोकांनी न घाबरता तपासावं म्हणून नंदितानेच तशी रचना करून घेतली होती.

टेंभे यांच्या पुडीचा निकाल पानावर टाकण्याआधी तिला घरी बोलणं भाग होतं. तिच्या सासूबाई, इंदुमती बिरनाळे, ही पुडी कैक वर्षं घेत होत्या.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका असलेल्या सासूबाईंना सारं गाव बिरनाळे बाई म्हणे. सासूसुनेत एक तह झाला होता. पुडीवर घरात बोलायचं नाही आणि घरातली पुडी तपासायची नाही. “माझ्या गुडघ्यांना तुझ्या पानाचं सभासद करू नकोस,” असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. त्या दिवशी नंदिताने तह मोडला. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, कपाटातून आपला डबा काढला आणि स्वतःच्या मोबाइलने पुडी तपासली.

“गुण मात्र आला होता गं,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, माणसाच्या हाताला गुण आहे.”

“गुण आहे, आई. फक्त तो हाताचा नाही.”

सासूबाईंनी तिला मोबाइल सुरू करायला सांगितला. डबा मोरीत उपडा केला आणि कॅमेऱ्याकडे बघून, वर्गात बोलावं तसं, सांगितलं की चुकलेलं उत्तर लपवायचं नसतं, खोडायचं असतं. “मी माझं खोडलं,” त्या म्हणाल्या. नंदिताने ती चित्रफीत निकालासोबत जोडली. खाली एवढंच लिहिलं: ‘स्वतः तपासा. आजपासून पुडी बंद.’

पानाची इतकी मोठी मोहीम याआधी झाली नव्हती. टेंभे यांची शिरगुंडी गावातली पेढी नदीकाठच्या साठसत्तर गावांना माहीत होती. तिथले लोक बिरनाळे बाईंची चित्रफीत बघून आपापल्या पुड्या ओतू लागले आणि त्याच्या चित्रफिती पाठवू लागले. पेढीला सील लागलं. टेंभे यांना अटक झाली, मग जामीन. असलीच औषधं बाटल्यांतून विकणाऱ्या दोन बड्या कंपन्यांनी आपल्या जाहिराती मागे घेतल्या. महाविद्यालयात सहकारी नंदिताचं अभिनंदन करून गेले. ती खूश होती आणि ते तिने लपवलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात सासूबाई स्वयंपाकघरात कोसळल्या.

दोन दिवस त्यांना मळमळत होतं. उलट्या झाल्या, तेव्हा घरात सगळ्यांनी बाहेरच्या पाणीपुरीला दोष दिला. आता त्यांचा रक्तदाब लागत नव्हता. रुग्णालयात डॉ. सुमेध कांबळे यांनी काय झालं ते विचारलं, पुडी बंद केल्याचं ऐकलं आणि पुढचं न ऐकताच परिचारिकेला हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे स्टेरॉइडचंच, इंजेक्शन आणायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सासूबाई उशीला टेकून बसल्या. मग डॉक्टरांनी नंदिताला बाहेर बोलावलं.

“पुडी कुणी सोडायला सांगितली?” त्यांनी विचारलं.

“मी.”

त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली आणि नंदिता पहिल्या वाक्यातच पुढचं सगळं समजली.

दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. आजार, ताप, मार, उपास, शरीरावर कसलाही ताण आला की रक्तदाब आणि साखर टिकवून धरणारं कॉर्टिसोल ती बनवते. किती बनवायचं याचा हुकूम मेंदूकडून येतो. स्टेरॉइड बाहेरून रोज मिळू लागलं की मेंदू हुकूम देणं थांबवतो आणि काम नसलेली ग्रंथी आक्रसते. तिला पुन्हा जागं व्हायला महिने लागतात. मधल्या काळात बाहेरचा पुरवठा एकदम तुटला तर शरीराकडे काहीच उरत नाही. साधा जुलाबसुद्धा माणूस घेऊन जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर स्टेरॉइड कधी एकदम बंद करत नाहीत, पायरीपायरीने खाली आणतात.

हे नंदिताने पुस्तकात वाचलेलं होतं. पण ‘पुडी बंद’ लिहिताना तिच्यासमोर फक्त पुडी होती. ती पुडी वर्षानुवर्षं पोटात घेतलेलं शरीर तिने हिशेबात धरलं नव्हतं.

“तुमच्या पानावर कुणी तक्रार केली नाही?” डॉक्टरांनी विचारलं. “अशी माणसं काहीतरी लिहितात. अशक्तपणा, चक्कर.”

तिने तिथूनच इरफानला फोन लावला. कुणीच लिहिलं नव्हतं, असं तिला वाटत होतं. इरफान म्हणाला, चाळणीत बघतो.

कुठलीही मोहीम सुरू झाली की समोरच्या बाजूचे भाडोत्री लोक एकाच छापाचे मजकूर पानावर ओतत. इरफानने त्यावर चाळणी बसवली होती. एकसारखे मजकूर दिसले की ते आपोआप झाकले जात. चाळणीला शिकवलं होतं की एकसारखं म्हणजे खोटं. आणि एकाच कारणाने आजारी पडलेली माणसं एकसारखंच लिहितात. झाकलेल्या ढिगात पाचशेवर मजकूर निघाले. पुडी सोडल्यापासून उलट्या. पुडी सोडल्यापासून चक्कर. पुडी सोडली, उठवत नाही. त्यातला एक शिरगुंडीशेजारच्या गावातल्या पायगोंडा मगदूम यांच्या मुलीचा होता. ‘बाबा आज सकाळी गेले. पुडीचं विष निघत होतं म्हणून आम्ही थांबलो.’

इरफान मोटारसायकलवरून रुग्णालयात आला. त्याने मोबाइल तिच्या हातात दिला आणि बाजूच्या बाकावर बसला. तपासणाऱ्यांची नावं पानाकडे नव्हती, एकेकाला गाठणं शक्य नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून पानावर टाकायला दुरुस्ती लिहिली. पुडी अचानक थांबवणं धोक्याचं आहे, ज्यांनी थांबवली त्यांनी आजच्या आज रुग्णालय गाठून मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करून घ्यावी, पुडी पुन्हा सुरू करू नये, कारण एकेका पुडीत मात्रा वेगळी आहे. डॉ. कांबळे यांनी मजकूर तपासून दिला.

दुरुस्ती फसली. टेंभे यांचे समर्थक म्हणाले, बघा, शेवटी पुडीच लागते. पानाचे वाचक म्हणाले, पान कुणीतरी बळकावलंय. आणि ज्यांच्यासाठी ती लिहिली होती ते आलेच नाहीत. मगदुमांच्या मुलीला नंदिताने फोन केला, तेव्हा कारण कळलं. टेंभे पुडीबरोबर पथ्य देत. वांगं नाही, दही नाही, इंग्रजी औषध नाही. लोकांनी पुडी टाकली होती, पण पथ्य सोडलं नव्हतं. पुडीतलं विष अंगात आहे तोवर पथ्य जास्तच कडक पाळावं, असा गावागावांतून समज झाला होता. पथ्य देणाऱ्यानेच ते सोडवायचं असतं, असं ती मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि नंदिताला ते जास्त जड गेलं.

पानाच्या वकिलाने आरोपीला भेटू नका म्हणून सांगितलं होतं, तरी नंदिता टेंभे यांच्याकडे निघाली. इरफान म्हणाला, गाडी मी चालवतो, पण त्या घराच्या आत पाऊल टाकणार नाही.

टेंभे यांचं घर सील लागलेल्या पेढीच्या मागेच होतं. टेंभे साठीचे, नीट दाढी केलेले, धुतलेल्या सदऱ्यातले. त्यांनी नंदिताला बसायला सांगितलं आणि आता काय उरलंय न्यायला, असं विचारलं. नंदिताने मगदुमांचं सांगितलं. ते त्यांना कळलेलं होतं. तिने पथ्याचं सांगितलं. टेंभे म्हणाले, माझं आता कोण ऐकतंय, खोटारडा म्हणून तुम्हीच माझा फोटो फिरवलात.

त्यांच्या पत्नी शालिनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. चेहरा स्टेरॉइडने होतो तसा फुगीर आणि गोल, दंडावर जागोजाग निळे डाग. नंदिताने पेला घेतला, पण पाणी प्यायली नाही.

“वहिनी, तुम्हीही पुडी घ्यायचात?”

“घ्यायची की. आता मला उतारा चालू केलाय यांनी. रोज चिमटीभर कमी, चिमटीभर कमी.”

टेंभे यांनी पत्नीला आत जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत.

“म्हणजे एकदम सोडली तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक होतं,” नंदिता म्हणाली. “घरात उतारा दिलात आणि बाहेर गप्प बसलात.”

टेंभे यांनी उठून खिडकी लावून घेतली. मग त्यांनी आपली अट सांगितली. पुरवठादाराने भेसळीचा माल देऊन त्यांना फसवलं, असं नंदिताने पानावर लिहावं. तेवढं केलं तर ते गावोगाव निरोप देतील आणि पथ्य सोडवतील.

नंदिताने त्यावर खरंच विचार केला. एक वाक्य लिहायला काही लागत नव्हतं आणि त्याने माणसं वाचणार होती.

“फसवलं होतं का?” तिने विचारलं.

टेंभे यांनी बायकोकडे पाहिलं. शालिनीबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

“मग ते चालणार नाही,” नंदिता म्हणाली. “मी खोटं लिहीत नाही हे बाजूला ठेवा. पुरवठादाराने फसवलं म्हणालात तर तुमचे लोक म्हणतील, आता चांगल्या मालाची पुडी द्या. परत तिथंच. वहिनींचा शब्द बरोबर आहे. आम्ही ‘मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या’ लिहिलं, ते कुणाला कळलं नाही. उतारा सगळ्यांना कळतो. पण उतारा विषावर असतो. विष होतं हे आधी तुम्हाला सांगावं लागेल, आणि ते तुम्हीच घातलंत हेही.”

“सगळं मीच द्यायचं. आणि तुम्ही काय देणार?”

“मी तुमच्याशेजारी बसून, माझ्या पानावर, उतारा घ्या म्हणणार.”

टेंभे यांना त्याची किंमत कळली. उताऱ्यांची टर उडवणारं ‘पुडीत काय?’ ते रोज वाचत.

“मगदूमअण्णा ओट्यावर बसून चहा प्यायचे आपल्या,” शालिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या. “अजून किती जणांच्या दारात जायचंय तुम्हाला?”

नंदिता बाहेर आली आणि इरफानला कॅमेरा आणायला सांगितला. काय बोलायचं ठरलंय ते ऐकून तो गाडीला टेकून उभा राहिला.

“मॅडम, चौकाचौकातले लिंबा-नारळाचे उतारे लाथेने उडवत हिंडलो आपण. आपल्या पानाचं पहिलं चित्रच ते होतं. आता आपणच म्हणायचं, उतारा घ्या?”

“म्हणायचं.”

“लोक जातील.”

“कुठले?”

“आपले.”

“जाऊ देत,” नंदिता म्हणाली. “आज त्यांचे यायला हवेत.”

इरफान आत गेला. दारात त्याने चपला काढल्या आणि शालिनीबाईंना नमस्कार केला.

चित्रफीत छोटी होती. टेंभे यांनी सांगितलं की पुडीत प्रेडनिसोलोन होतं, ते आपण स्वतः घालत होतो, गुण यायचा तो त्याने. पुडी आता कुणी घ्यायची नाही. पण तिने शरीराला सवय लावली आहे आणि त्यावर उतारा घ्यावा लागतो. तो रुग्णालयात मिळतो, गोळीच्या रूपात, रोज मोजून, हळूहळू कमी करत. मग ते थांबले आणि म्हणाले, “इंग्रजी औषधाचं पथ्य मी दिलं होतं. ते मी सोडवतोय.” त्यानंतर नंदिता बोलली. पुडी बंद करा हे आपण लिहिलं, ते अर्धवट होतं, त्याने माणूस गेला, त्यांचं नाव पायगोंडा मगदूम. अंगात त्राण नसेल, उलटी होत असेल तर वाट बघू नका. उतारा घ्या.

इरफानने चाळणी काढून टाकली आणि चित्रफीत पानावर टाकली.

त्याचा अंदाज खरा ठरला. उतारा या शब्दावर पानाचे जुने वाचक तुटून पडले. नंदिता विकली गेली असं कुणी लिहिलं, कुणी तिच्या फोटोभोवती लिंबं-मिरच्या काढल्या. विज्ञानवादी गटांच्या संयुक्त मंचाने पानाशी संबंध तोडला. टेंभे यांच्या वकिलाने वकीलपत्र सोडलं, कारण अशिलाने कबुली सगळ्या जिल्ह्याला दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर शिरगुंडीकडचे दोन टेंपो उभे होते. मागून एसटीने माणसं येतच राहिली. कुणाला धरून आणलं होतं, कुणी स्वतः चालत आलं होतं, पण सगळे एकच विचारत होते, उतारा कुठं मिळतो? पहारेकऱ्याला आधी काही कळेना. दुपारी डॉ. कांबळे यांनी बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘उतारा’ असा कागद लावायला सांगितला. वैद्यकीय अधीक्षकांनी त्याबद्दल विचारणा केली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रांग दाखवली.

रांगेतल्या एका आजीबाईंनी मदतीला आलेल्या नंदिताला पिशवीतलं लिंबू दाखवून, हे आत घेतात का, असं विचारलं.

“लिंबू नको, आजी. हात पुढं करा, दाब बघायचाय.”

“मग लिंबाचं काय करू?”

“सरबत करा. मीठ जास्त घाला,” मागून डॉक्टर म्हणाले, आणि त्यात औषधाचा भागही होता, कारण आजीबाईंचा दाब बराच खाली होता.

वरच्या मजल्यावर बिरनाळे बाई आता चालू लागल्या होत्या. गोळीची मात्रा उतरत होती तशी गुडघेदुखी परत आली होती. ती येणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता निदान तो कुठला संधिवात आहे हे तपासून त्यावर नीट उपचार सुरू झाले होते. सासूबाई खाली येऊन रांगेत बसलेल्या बायकांना गोळी कशी मोडायची ते समजावत आणि दोनदा सांगूनही न कळलेल्यांना रागावत. आपल्या चित्रफितीबद्दल त्या सुनेला एकदाच बोलल्या. ती काढून टाकू का, असं नंदिताने विचारलं होतं.

“काढू नकोस,” त्या म्हणाल्या. “अर्धंच उत्तर होतं. पुढचं अर्धं जोड.”

नंदिताने ते जोडलं. पायगोंडा मगदूम यांच्यानंतर पुडी सोडल्यामुळे कुणी दगावल्याची बातमी आली नाही. खटला उभा राहिला, तेव्हा तिने साक्ष दिली. जे पाहिलं ते सांगितलं. त्यात टेंभे यांची कबुली होती आणि पथ्य सोडवणंही होतं.

पानाचे वाचक निम्म्याहून कमी झाले होते. हळूहळू नवे येऊ लागले, आणि त्यांत शिरगुंडीकडचे बरेच होते. ते पुड्या तपासत आणि मगच पाठवत. पावसाळा सरता सरता त्यांच्यापैकी एकाने मधुमेहाच्या काढ्याची बाटली पाठवली. इरफानने ती तपासली, नंदिताने तपासली, रसवंतीवाला आता न विचारताच मोबाइल पुढे करत असे, त्याच्यावरही तपासली. काढ्यात साखर उतरवणारं इंग्रजी औषध होतं, आणि तेही भरपूर. इरफानने मथळा लिहिला, बाटलीचा फोटो जोडला आणि बोट बटणावर नेलं.

“टाकू?”

“थांब,” नंदिता म्हणाली. “आधी उतारा लिही.”